मृगाआधी एकदा, दसऱ्याआधी एकदा

सीटचा नट सैल करा, सीट दांड्यासकट ओढून बाहेर काढा आणि सायकल उलटी करा. पावसाळा सरल्यावर कोणाचीही सायकल माझ्या हातात आली की माझं पहिलं काम हेच. गेल्या ऑक्टोबरात वाड्यावरच्या एका मुलाच्या सायकलीतून अर्धी वाटी पाणी निघालं, चहासारखं तांबडं. वरून सायकल चकाचक होती. पोरगा रोज फडक्यानं पुसायचा. पण सीटच्या नळीतून आत उतरलेलं पाणी खाली क्रँकच्या नळीत, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तिथे, चार महिने साचून राहिलं होतं. तिथले छरे (बेअरिंगच्या गोळ्या) गंजून एकमेकांना चिकटले होते.

गोव्यात सायकल चालवून जितकी झिजते त्यापेक्षा जास्त ती उभी राहून खराब होते, आणि जिथे आपली नजर पोचत नाही तिथून. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, तांबडी धूळ. आणि किनाऱ्याला घर असेल तर बारा महिने खारा वारा. म्हणून मी दोनदाच सायकल पूर्ण उघडतो. एकदा मृगाआधी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि एकदा दसऱ्याच्या आधी. दसऱ्याला झेंडूची माळ हँडलला घालायचीच असते, तर त्याआधी आतला चिखल काढलेला बरा. मधल्या काळात हवा, पुसणं आणि चेन एवढंच.

मी साखळीचा. २०१२ साली खाणी थांबल्या तोपर्यंत एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. डंपर, लोडर उघडण्यात बावीस वर्षं गेली. मग घराच्या पडवीत एक जुनं टेबल टाकलं, त्याला व्हाइस बसवला आणि सायकली घ्यायला लागलो. (गावाचंच नाव साखळी असल्यामुळे आमच्याकडे सायकलीच्या साखळीला सगळे चेनच म्हणतात. इथेही मी तेच लिहितो.)

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते १७ पर्यंतचे पाने, एक पातळ कोन पाना (चाकाच्या आसावर छरे दाबून धरणारा निमुळता नट म्हणजे कोन), ॲलन कीचा संच, पक्कड, हातोडी, टायर लिव्हर दोन, तारांची चावी, पंप. कोन पाना मात्र चांगल्या पोलादाचा घ्या. स्वस्तातला एकदा घसरला की कोनचे काठ गोल होतात आणि मग कुठलाच पाना धरत नाही. ग्रीस गाड्यांच्या चाकांना वापरतात तेच लिथियम ग्रीस. अर्धा किलोचा डबा घरातल्या दोन सायकलींना कितीतरी वर्षं पुरतो.

आता धुणं. बालदी, मग, जुना दात घासायचा ब्रश, थोडा भांड्यांचा साबण. पाणी वरून हळू ओतायचं. जोराच्या पाइपानं किंवा गाड्या धुण्याच्या जेटनं सायकल कधीच धुवू नका. हे मी शिकलो ते माझ्या मुलीच्या सायकलीवर. ती दहावीला होती. मी तिची सायकल कामावर नेली आणि डंपर धुतात त्या पाण्याच्या माऱ्याखाली धरली. चिखल दोन मिनिटांत गेला, मला फार बरं वाटलं. महिन्याभरात मागचं चाक घरघरायला लागलं. उघडून बघतो तर ग्रीसचा मागमूस नाही, आत पाणी आणि तांबडा गाळ, दोन्ही कोनांवर खड्डे पडलेले. हब, म्हणजे चाकाचा आस ज्यात फिरतो तो मधला भाग, बदलावा लागला. डंपरच्या बेअरिंगला सील असतं, साध्या सायकलीच्या हबला पत्र्याची एक टोपी असते, बस्स. जेटच्या माराला ती काय अडवणार?

धुऊन झाल्यावर सायकल दोन वेळा हातभर उचलून जमिनीवर हलकेच आपटा. फटींतलं पाणी गळतं. मग सीटचा दांडा काढून सायकल अर्धा तास उलटी ठेवा. दांडा परत घालताना त्याला ग्रीसचा पातळ हात द्या आणि आधीच्या उंचीवर टेपची खूण करून ठेवा. ग्रीस नसलं तर दोन पावसाळ्यांत दांडा नळीत असा धरतो की पाइप पाना लावूनही हलत नाही.

चेनकडे येऊ. चेन खराब झाली की नाही हे बघायला स्टीलची पट्टी पुरे. एका पिनच्या मध्यापासून १२ इंच मोजा. नव्या चेनला बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य येतो, कारण दर अर्ध्या इंचाला एक पिन असते. आम्ही फिटर लोक इंचाचे आठ भाग करतो, एका भागाला सूत म्हणतो. पिन अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) गेलं, कारण लांब झालेल्या चेननं त्याचे दातही खाल्लेले असतात. तिथे नवी चेन चढवली तर ती जोर लावला की उडी मारते, आणि लोक चेनवाल्याला दोष देतात.

चेन झिजते ती तेलाअभावी तितकी नाही, जितकी तेल आणि धूळ यांच्या मिश्रणानं. चिऱ्याची भुकटी बोटांत घेऊन तेलाच्या थेंबात चोळून बघा. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आम्ही वर्कशॉपमध्ये वापरायचो, हाताला थेट तशीच लागते. वर ओलं दिसणारं तेल काही कामाचं नाही. तेल लागतं ते रोलरच्या आत, पिनवर. म्हणून आधी चेन काढा. एकाच गिअरच्या सायकलीला चेन लॉक (जोडकडी) असतो, त्याची पातळ क्लिप पक्कडीनं सरकते. पत्र्याच्या डब्यात थोडं डिझेल घेऊन चेन त्यात हलवा, ब्रशनं घासा, दुसऱ्या डिझेलात पुन्हा बुडवा. साबणाच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. डब्यातलं डिझेल झाकून दोन दिवस ठेवा. गाळ तळाला बसतो, वरचं निवळ पुढच्या वेळी चालतं. गाळ मात्र माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. डिझेलचं काम चुलीपासून दूर, अंगणात करा.

चेन कोरडी झाली की प्रत्येक रोलरवर एक थेंब. पूर्ण चेनचे शंभरेक थेंब होतात, दहा मिनिटं लागतात. मग पायडल उलटं फिरवत राहा, पंधरा मिनिटं तशीच सोडा आणि कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. पुसणं अर्धं काम आहे. हाताला चेन जवळजवळ कोरडी लागली पाहिजे. नोव्हेंबर ते मे शिलाई मशीनचं पातळ तेल ठीक. पावसात ते दोन दिवसांत धुऊन जातं, तेव्हा नवं इंजिन ऑइल वापरा. गाडीतून काढलेलं काळं तेल नको, त्यात धातूचा कीस असतो.

आणि खोबरेल नको. आपल्या घरात ते हाताशी असतं, म्हणून कितीतरी चेनांवर मला त्याचा पिवळट चिकट थर सापडतो. डिसेंबरच्या पहाटे तुमच्या न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली गोठते ना? साधारण २४ अंशांखाली ते थिजतं. चेनच्या आतही तेच होतं. आणि त्यावर धूळ बसते.

चेन लॉकची क्लिप परत बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला पुढे. उलटी बसली तर कशाला तरी घासून उघडते. ताण असा ठेवा की वरच्या चेनला मधोमध बोटानं उचललं तर अर्धा-पाऊण इंच हलावी. पायडल फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन एके जागी सैल आणि एके जागी ताठ असते. ताठ असते तिथे मोजायचं.

हब उघडायची मात्र लोकांना भीती वाटते, म्हणून ते नीट सांगतो. आमच्याकडे पाव घेऊन येणारा पदेर गेल्या मेमध्ये फेरी आटोपून आठ वाजता दारात थांबला. "दादा, फाटलें रोद हालता," म्हणाला, म्हणजे मागचं चाक हलतंय. त्याची सायकल जुन्या घाटाची काळी, २८ इंची, दांड्याचे ब्रेक, मागे कॅरियरवर पावांची भली मोठी टोपली. या सायकलींना मागे ४० आणि पुढे ३२ तारा असतात, कारण वजन सगळं मागे. टोपली उतरवून मी मागची रिम दोन बोटांत धरली आणि आडवी हलवली. टक् टक् असा बारीक ठोका हाताला लागला. ठोका लागला म्हणजे कोन सैल किंवा छरे गेलेले. चाक हातात घेऊन आस बोटांनी फिरवला तर आत रव्यासारखी खरखर. म्हणजे दोन्ही.

चाक काढताना जे वायसर, नट निघतील ते त्याच क्रमानं एका तारेत ओवत जा. मग चाक परातीत आडवं ठेवा, परातीत जुनी चादर किंवा जाड वर्तमानपत्र. एका बाजूचा कोन पातळ पान्यानं धरून बाहेरचा लॉक नट सोडा, नट काढा, कोन काढा, आस दुसऱ्या बाजूनं हळूच ओढा. छरे परातीत पडतात. लगेच मोजा. मागच्या हबला बहुतेक करून प्रत्येक बाजूला दोन सुती म्हणजे पाव इंची नऊ छरे, पुढच्या हबला दीड सुती दहा. पदेराच्या हबमधून एका बाजूला आठ निघाले आणि नवव्याचे दोन तुकडे. तो तुटका छरा आत दळत होता.

छरे डिझेलात धुवा, हबमधली वाटी (छरे बसतात ती खोबण) आणि कोन फडक्यानं लख्ख पुसा आणि उजेडात न्या. कोनवर छऱ्यांच्या वाटेची एक चमकती रेघ दिसेल. ती सगळीकडे सारखी रुंद असेल तर उत्तम. आता नखाचं टोक त्या रेघेवरून फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे खड्डा आहे, कोन बदलायचा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा नखाला कळतो. छरे मात्र एक तुटला तरी सगळे बदला. जुने झिजून किंचित बारीक झालेले असतात, त्यांत एक नवा घातला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो. अठरा छऱ्यांना फार पैसे पडत नाहीत.

बसवताना वाटी अर्धी ग्रीसनं भरा आणि छरे त्यात एकेक दाबून बसवा, ग्रीस त्यांना धरून ठेवतं. वरून आणखी एक थर. आस आत सरकवा, कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग पाव फेरा मागे. कोन पातळ पान्यानं घट्ट धरून त्यावर लॉक नट आवळा. इथेच पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं, कारण लॉक नट आवळताना कोनही सोबत फिरतो आणि आस जड होतो. जड झाला तर उघडून पुन्हा. मला इतक्या वर्षांनंतरही दोन-तीनदा करावं लागतं. ठोका गेला पाहिजे आणि खरखर नको, या दोहोंच्या मधली जागा हाताला सापडेपर्यंत घाई करू नका. चाक सायकलीला लावून नट आवळल्यावर अखेरची परीक्षा: हवेचा व्हॉल्व्ह आडव्या रेषेत आणून चाक सोडून द्या. नुसत्या व्हॉल्व्हच्या वजनानं चाक आपलं आपण फिरून तो खाली आला तर हब जमला. (मागच्या चाकाला चेन काढूनच हे बघा.)

फ्रीव्हील घरी उघडू नका. आत बारीक खटके आणि केसासारख्या स्प्रिंगा असतात. सायकल आडवी करून फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागाच्या फटीत तीन-चार थेंब तेल घाला, फिरवा, पुसा.

क्रँकच्या नळीचं काम याच तऱ्हेचं, फक्त आधी कॉटर पिन (क्रँक आसाला पक्की धरणारी खीळ) काढावी लागते. पिनचा नट टोकाच्या पातळीत येईल इतकाच ठेवा, काढून टाकू नका, नाहीतर हातोडीनं आट्या चेपतात. क्रँकखाली लाकडाचा ओंडका उभा करा, आधार घट्ट हवा. मी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर ओंडका ठेवतो. मग एकच खणखणीत घाव. दहा हळू घावांनी पिन वाकते. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, तिला हात न लावता डाव्या बाजूनंच सगळं काढा. छरे इथेही दोन सुती, सुटे असतील तर बाजूला अकरा. नळीत बोटानं ग्रीस सगळीकडे फासा. पाणी पुन्हा येणारच आहे, ते लोखंडापर्यंत पोचू नये.

डावं पायडलही उलट्या आट्यांचं. लक्षात ठेवायला सोपं: पाना वर उभा राहील असा लावा आणि त्याचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना असंच सुटतं.

पंक्चर काढण्याआधी पंक्चर आहे का ते बघा. जुन्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची एक बारीक नळी असते, ती कडक होऊन फाटली की हवा रात्रीत उतरते. पाण्यानं भरलेली वाटी व्हॉल्व्हखाली धरा, बुडबुडे आले तर नळी बदला, टायर उघडायची गरज नाही. खरंच पंक्चर असेल तर ट्यूब बालदीत बुडवून भोक शोधा, खूण करा, वाळवा, पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ हात द्या. आता थांबा. बोट लावलं तर चिकटू नये इतकं ते सुकलं पाहिजे, चार-पाच मिनिटं. ओलं असताना लावलेला पॅच पावसात सुटतो. ट्यूब घालण्याआधी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. काच, तारेचा तुकडा, काही रुतलेलं असलं की कापूस तिथे अडकतो. बोटानं शोधायला गेलात तर रक्त काढाल.

ब्रेकबद्दल थोडक्यात: स्टीलची रिम भिजली की ब्रेक जवळजवळ धरतच नाही. पावसात उतारावर लागण्याआधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या आणि थांबायला दुप्पट-तिप्पट अंतर धरा. चोर्ल्याच्या घाटात पावसात स्टील रिमची सायकल नेऊच नका. अॅल्युमिनियमची रिम बरीच बरी. रबर झिजून आतला पत्रा दिसायला लागण्याआधी बदला आणि रिमला तेलाचा हात लागला असेल तर साबणानं धुवा.

ज्यांचं घर मोरजी, हणजुणे, कोलवा अशा किनाऱ्याला आहे, किंवा जे फेरीबोटीनं चोडणला, दिवाडीला सायकल नेतात, त्यांनी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा मग सगळीकडून ओतून सायकल पुसावी. मीठ कोरडं दिसलं तरी हवेतली ओल ओढून घेतं. तारांच्या निपलवर एकेक थेंब तेल द्या. निपल गंजला की चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना तो फिरत नाही, तार तुटते. गंजलेले नट-वायसर रात्रभर माडाच्या विनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, वाळवून तेल लावा. चेन आणि छरे मात्र त्यात घालू नका. कडक पोलादाला आंबट मानवत नाही.

हँडलच्या गळ्यातले छरे, आऊट काढणं, गिअरची वायर हे सगळं दोन सायकली उघडून झाल्यावर करा. पहिल्या वर्षी सीटचा दांडा, चेन, दोन्ही हब आणि पायडल एवढंच.

काम झाल्यावर सायकल आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. मी हरवळ्याच्या धबधब्यापर्यंत जाऊन येतो, दोन फेऱ्यांत होतं. परत आल्यावर दोन्ही चाकांचे नट आणि कॉटर पिनचे नट पुन्हा तपासा. कॉटर पिन या पहिल्या फेरीत आणखी आत बसते आणि तिचा नट हमखास अर्धा फेरा घेतो.